बिरितिस: नाण्यांमुळेच माहीत असलेल्या हरवलेल्या ग्रीक गावाचा अभ्यास कसा करावा

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, ट्रॉयपासून इडा पर्वतापर्यंतच्या मुलखाला प्राचीन ग्रीक लोक त्रोआस म्हणत. आज हा चनाक्कले प्रांताचा भाग आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात इथे अनेक छोटी ग्रीक नगरं होती आणि त्यांतली बरीच स्वतःची नाणी पाडत होती. बिरितिस त्यांतलंच एक. त्याचा तट कुठे होता, बाजार कुठे भरायचा, हे आज कुणालाही नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याची हकिकत सांगणारा ग्रंथही हाती नाही. अथेन्सला खंडणी देणाऱ्या गावांच्या दगडी याद्यांमध्ये 'इडाखालचे बेरिसिओइ' अशी नोंद येते आणि ती याच गावाची असावी, असं अभ्यासक मानतात. या याद्या इ.स.पू. 454 पासूनच्या आहेत आणि त्यांत खंडणीची पूर्ण रक्कम नसून अथीना देवीच्या वाट्याचा साठावा हिस्सा कोरलेला असतो. एवढी एक नोंद सोडली, तर बिरितिसबद्दल जे काही बोलता येतं ते त्याच्या कांस्य नाण्यांवरून.

अशा गावाचा अभ्यास कुठून सुरू करायचा, कोणत्या क्रमाने करायचा आणि नवखा माणूस कुठे हमखास अडखळतो, ते पुढे दिलं आहे. त्यासाठी नाणं विकत घेण्याची गरज नाही. सुरुवातीचं सगळं काम संग्रहालयांनी खुल्या केलेल्या छायाचित्रांवर होतं आणि तेच बरं, कारण तिथली वजनं आणि मापं नीट नोंदवलेली असतात.

आधी काय जमवायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा (सोनाराकडे असतो तसा), व्हर्निअर कॅलिपर आणि मान वळवता येणारा टेबलदिवा. कॅलिपर प्लॅस्टिकचा घ्या. धातूच्या जबड्यांनी मऊ कांस्यावर ओरखडे पडतात. संगणकावर एक साधा तक्ता उघडा. त्याचे रकाने असे ठेवा: संग्रहाचं नाव व क्रमांक, वजन, सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्यास, ठशांची दिशा (ठसा म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा कोरलेला साचा), पुढच्या बाजूचं वर्णन, मागच्या बाजूचं वर्णन, दिसणारी अक्षरं, पुढचा ठसा, मागचा ठसा, सापडल्याची जागा, ती जागा कुणी सांगितली. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण एकत्र करतात. ते वेगळेच ठेवा. कारण पुढे येईलच.

छायाचित्रांसाठी सगळ्यांत आधी कॉर्पस नुमोरम या बर्लिनहून चालणाऱ्या प्रकल्पाकडे जा. थ्रेस, मिसिया आणि त्रोआस या मुलखांची नाणी तिथे ठशांनुसार लावलेली आहेत. मग ब्रिटिश म्युझियम, बर्लिनचा नाणेसंग्रह आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा 'मँटिस' हा खुला संग्रह बघा. लिलावांच्या जुन्या नोंदीही कामाच्या आहेत, फक्त तिथे दिलेलं नाव आणि काळ पडताळल्याशिवाय उचलू नका.

नाणं हातात आलं, तर ते घासू नका

आपल्याकडे तांब्या-पितळेचं भांडं दिसलं की हात चिंचेकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. प्राचीन कांस्य नाण्याला यांतलं काहीही लावायचं नाही. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट हेही नाही. नाण्यावरचा हिरवा किंवा तपकिरी थर शतकानुशतकं धातूवर तयार झालेला असतो आणि पुष्कळदा अक्षरांचा उठाव धातूत नसून त्या थरातच टिकलेला असतो. आम्लाने थर गेला की अक्षरं गेली. बिरितिसच्या नाण्यावर अक्षरं असतातच चार. त्यांतली दोन गेली तर नाणं कुठल्याही गावचं होऊ शकतं.

खरा धोका वेगळ्या हिरव्याचा आहे. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर निरोगी असतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी, टोकदार काडीने टोचली तर सुटून येणारी पुटकुळी दिसली, तर तो क्लोराइडमुळे होणारा कांस्यरोग. दमट हवेत तो वाढत जातो आणि धातू आतून खातो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात नाणं उघड्यावर ठेवलं तर काही आठवड्यांत फरक दिसतो. नाणं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहील असं बघा आणि जेल रंग बदलला की भाजून कोरडं करा. रोग लागलेलं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि उपचारासाठी धातुसंवर्धकाकडे न्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका. काही काळाने ते प्लॅस्टिक चिकट होतं आणि नाण्यावर हिरवट लेप सोडतं. आम्लरहित कागदाची पाकिटं स्वस्त आणि चांगली.

मापं घ्या

वजन दोनदा करा, दोन्ही आकडे जुळले तरच लिहा. व्यास दोन ठिकाणी मोजा, कारण हाताने ठोकलेलं नाणं कधीच पुरतं गोल नसतं. बिरितिसची मोठी कांस्य नाणी साधारण 17 ते 19 मिलिमीटर आणि 4 ते 6 ग्रॅमच्या आसपास असतात. लहान नाणी 10 ते 12 मिलिमीटरची, एक-दोन ग्रॅमची. तुमच्या तक्त्यात मधलाच एखादा आकडा आला तर गोंधळू नका. कांस्य नाण्याची किंमत त्यातल्या धातूवर नव्हे तर गावच्या शब्दावर चालायची, म्हणून टाकसाळ एकेक चकती तोलत बसत नसे. एका नाण्याच्या वजनावरून 'हे अमुक मूल्याचं' असं ठरवणं चूक आहे. वीस-पंचवीस नाण्यांची वजनं आलेखावर मांडा. ती जिथे दाटून येतील तिथे एक मूल्य. चांदीच्या नाण्यांचं गणित निराळं असतं. अथेन्सच्या मापाचा द्राख्म 4.3 ग्रॅमच्या आसपास हवा. तिथे अर्ध्या ग्रॅमची घट दिसली, तर ती झिजेने झाली की नाणंच खोटं आहे, हे तपासावं लागतं.

ठशांची दिशा हा नवख्यांकडून सर्रास सुटणारा रकाना. नाणं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, वरून आणि खालून, असं धरा की पुढचं चित्र सरळ उभं दिसेल. मग चिमूट न सोडता ते उभ्या अक्षावर फिरवा आणि मागच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या कोणत्या आकड्याकडे आहे ते लिहा. आजचं रुपयाचं नाणं असं फिरवलं तर मागची बाजू सरळच दिसते, म्हणजे 12. सरावासाठी ते पुरेसं आहे. काही टाकसाळी दिशा काटेकोर सांभाळत, काही अजिबात नाही. एखाद्या गावाच्या सगळ्या नाण्यांवर 12 येत असताना एकच नाणं 5 दाखवत असेल, तर ते पुन्हा बारकाईने बघा.

पुढची बाजू कोणती हे ठरवायला आकार मदत करतो. पुढचा ठसा ऐरणीत बसवलेला असायचा, मागचा ठसा वरून हातोड्याने ठोकला जायचा. त्यामुळे पुढची बाजू बहुतेक वेळा किंचित फुगीर आणि मागची किंचित खोलगट असते. अगदी झिजलेल्या नाण्यावर, जिथे चेहरा कुठला आणि मागचं चित्र कुठलं तेच कळत नाही, तिथे नाणं सपाट काचेवर ठेवून बघा. फुगीर बाजू खाली असली की ते डुगडुगतं.

अक्षरं वाचा: इथे घाई नको

बिरितिसच्या नाण्यावरची चार अक्षरं आपल्याला इंग्रजी 'बी', 'आय', 'पी', 'वाय' यांसारखी दिसतात. पहिल्यांदा बघणारा 'बिपी' वाचतो आणि तसं गाव शोधत बसतो. ग्रीक लिपीत 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र'चं आहे, त्याचं नाव ऱ्हो. 'वाय'सारखं दिसणारं उप्सिलॉन, त्याचा उच्चार 'उ' आणि 'इ' यांच्या मधला. म्हणजे वाचायचं 'बिरि' किंवा 'बिरु'. ग्रीक गावं नाण्यांवर बहुधा स्वतःचं नाव न लिहिता 'अमुक गावच्या लोकांचं' असं लिहीत, म्हणून पूर्ण लेख असेल तर तो 'ओन' या ध्वनीवर संपतो. जागा कमी असली की पहिली दोन-चार अक्षरं घालून भागवत. बिरितिसने तेच केलं.

फसवणारी अक्षरं आणखीही आहेत. 'एच'सारखं दिसणारं 'ए'चा दीर्घ स्वर आहे. 'एक्स'सारखं दिसणारं 'ख'. सिग्मा कधी कोनांचा असतो, तर नंतरच्या काळात इंग्रजी 'सी'सारखा अर्धगोल. जुन्या नाण्यांवर लेख उलट दिशेने, उजवीकडून डावीकडे येतो आणि अक्षरंही आरशात दिसतात तशी वळलेली असतात. दोन अक्षरं एकमेकांत गुंफून एकच खूण केलेली असेल, तर त्यांची शक्य ती सगळी वाचनं तक्त्यात लिहून ठेवा, आवडलेलं एकच नको.

'र'च्या या अक्षराचा सराव मराठी वाचकाला अगदी घरच्या नाण्यावर करता येतो. क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरांत लेख आहे आणि त्याचं प्राकृत सुरू होतं 'रञ्ञो' म्हणजे 'राजाचं' या शब्दाने. त्या लेखातलं पहिलं अक्षर हेच 'पी'सारखं दिसणारं ऱ्हो. मागच्या बाजूला बाण आणि वज्राभोवती तेच ब्राह्मी आणि खरोष्ठीत आहे, त्यामुळे ब्राह्मी येत असेल तर ग्रीक वाचन स्वतःच तपासता येतं. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यात 13,250 नाणी होती. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारलेले आहेत. जुन्या ठशाच्या खुणा नव्याखाली कशा डोकावतात, हे शिकायला यापेक्षा चांगला साठा शोधून सापडायचा नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे, तिथल्या संग्रहालयापासून सुरुवात करावी.

आता पुन्हा बिरितिस. मागच्या बाजूला मधोमध सोटा असतो, हेराक्लिसचा गाठीगाठींचा सोटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरं वाटलेली असतात: वर डावीकडे 'बी', वर उजवीकडे 'आय', खाली डावीकडे 'पी', खाली उजवीकडे 'वाय'. सगळ्यांभोवती पानांचं कडं. वाचन ओळीने करायचं, आधी वरची जोडी, मग खालची. घड्याळाच्या दिशेने गोल फिरत गेलात तर शेवटची दोन अक्षरं उलटी लागतात. मॅसिडोनियाच्या बाजूच्या त्रागिलोस या गावाच्या छोट्या चांदीच्या नाण्यांवरही चार अक्षरं चौकोनाच्या चार कप्प्यांत टाकलेली आहेत. असं कोपऱ्यांत वाटलेलं लेखन दिसलं की आधी क्रमाचा विचार करा, नावाचा मागाहून.

झिजलेल्या नाण्यावर 'पी'चा गोल पुसला जातो आणि नुसता दांडा उरतो, तो 'आय' वाटतो. 'बी'चं खालचं पोट गेलं की तो 'पी' वाटतो. कड्याची पानं अक्षराला चिकटून एक जास्तीची फांदी दाखवतात. यावर उपाय प्रकाशाचा आहे. दिवा नाण्याच्या पातळीपासून अगदी थोडा वर, तिरपा ठेवा आणि नाणं फिरवत चार दिशांनी चार छायाचित्रं घ्या. एका दिशेने नाहीशी झालेली रेघ दुसऱ्या दिशेने सावली टाकते. चारही चित्रांत दिसेल तेच अक्षर नक्की समजा. दोनच चित्रांत दिसेल त्याखाली तक्त्यात टिंब द्या, आणि ज्याची नुसती जागा आहे तिथे चौकटी कंसात रिकामी जागा सोडा. 'असायलाच हवं' म्हणून अक्षर भरू नका. नाणेशास्त्राच्या इतिहासात अशा भरलेल्या अक्षरांमुळे कधीच अस्तित्वात नसलेली गावं याद्यांमध्ये शिरली आणि ती काढायला पिढ्या लागल्या.

चित्रं ओळखा, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका

बिरितिसच्या मोठ्या नाण्यांवर पुढे काबिरोसचं मस्तक असतं. डोक्यावर निमुळती नमद्याची टोपी (ग्रीक तिला पिलोस म्हणत) आणि वर दोन तारे. काबिरोइ हे गूढ देव. त्यांची मोठी ठाणी समोरच्या समुद्रात, सामोथ्राकी आणि लेम्नोस बेटांवर होती. त्रोआसमधल्या एका छोट्या गावाने त्यांतलाच एक आपल्या नाण्यावर घ्यावा, यात गावाची समुद्राकडची नाळ दिसते. नाणं गावाच्या देवघरात अशी डोकावण्याची संधी देतं, म्हणून हे काम जीव लावून करण्यासारखं आहे.

पण निमुळती टोपी एकट्या काबिरोसाची नाही. हेफायस्तोस ती घालतो, ओडिसियस घालतो, जुळे दिओस्कुरोइ घालतात आणि तारेही त्यांच्याच टोप्यांवर येतात. सोटा तर हेराक्लिसला मानणाऱ्या कितीतरी गावांच्या नाण्यांवर आहे. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी अक्षरं, मग दोन्ही बाजूंच्या चित्रांची जोडी, मग माप. तिन्ही जुळली तरच गावाचं नाव लिहा.

शेजारच्या गावांच्या खुणा ओळखून ठेवल्या तर निम्मी चुकीची नावं आपोआप गळतात. गेर्गिसच्या नाण्यांवर सिबिल्ला भविष्यवेत्तीचा समोरून दिसणारा चेहरा आणि मागे स्फिंक्स. स्केप्सिसवर पंखवाला घोडा आणि देवदारासारखं झाड. सिगेइओनवर समोरून दिसणारी अथीना आणि घुबड. दार्दानोसवर घोडेस्वार आणि कोंबडा. केब्रेनवर मेंढा. गेन्तिनोसवर मधमाशी.

शोधताना नावाचा घोळ टाळा

बिरितिस हे नाव संग्रहांत 'ब'नंतर कधी 'ए', कधी 'इ' लावून लिहिलेलं सापडतं. त्यामुळे बैरुतचं प्राचीन नाव बेरितोस आणि आपलं गाव शोधयंत्रात एकमेकांत मिसळतात. निकालात एखाद्या नाण्यावर लॅटिन अक्षरं दिसली किंवा फिनिशियन लिपी दिसली, तर ते बैरुतचं आहे, बाजूला करा. बैरुत ऑगस्टसच्या काळात रोमन वसाहत झालं आणि त्याची नाणी मुबलक आहेत. बिरितिसची तशी नाहीत. म्हणून शोध नावाने न करता 'त्रोआस' या प्रदेशाने करा आणि मग चित्रांनी गाळा. शोध थोडा लांबतो, पण भलत्या गावाच्या नाण्यांत वेळ जात नाही.

ठसे जुळवा

हरवलेल्या गावाबद्दल सर्वांत जास्त बोलणारी पायरी ही आहे. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला असल्यामुळे दोन ठसे कधीच हुबेहूब नसतात. दोन नाण्यांवर टोपीची कड, ताऱ्यांमधलं अंतर, कानाची जागा, सोट्याच्या गाठी आणि अक्षरांची उंची अगदी सारखी असेल, तर ती एकाच ठशातून निघाली. झीज आणि चकतीचा आकार यांकडे दुर्लक्ष करा, ते प्रत्येक नाण्याचं वेगळं असणारच. सगळी छायाचित्रं एकाच मापाची करा, एकावर एक ठेवून पारदर्शक करून बघा आणि तीन पक्क्या जागांमधली अंतरं ताडा: नाकाचं टोक, वरच्या ताऱ्याचं मध्य, टोपीचा शेंडा.

पुढच्या ठशांना पु1, पु2 आणि मागच्यांना मा1, मा2 असे क्रमांक द्या. ऐरणीत सुरक्षित बसलेला पुढचा ठसा जास्त टिकतो आणि हातोडा थेट खाणारा मागचा लवकर फुटतो, म्हणून एका पुढच्या ठशासोबत अनेक मागचे ठसे दिसले तर नवल नाही. जोड्या कागदावर रेघांनी जोडल्या की साखळी तयार होते. एखाद्या ठशावर बारीक तडा दिसत असेल आणि दुसऱ्या नाण्यावर तोच तडा रुंद झालेला असेल, तर दुसरं नाणं नंतरचं. गावाच्या टाकसाळीचा क्रम असा हाती लागतो. एकाही ग्रंथात नसलेला.

किती ठसे वापरले गेले असतील याचा साधा अंदाजही काढता येतो. नाण्यांची संख्या आणि दिसलेल्या ठशांची संख्या यांचा गुणाकार करा, मग त्यांच्या वजाबाकीने भागा. समजा 30 नाण्यांत 10 पुढचे ठसे दिसले, तर 300 भागिले 20, म्हणजे मूळ ठसे 15 च्या आसपास. पण 12 नाण्यांत 11 ठसे दिसले, तर उत्तर 132 येतं आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो. नमुना अपुरा आहे, एवढंच त्यातून कळतं. बहुतेक ठसे दोनदा-तीनदा दिसेपर्यंत आकडा जाहीर करू नका. आणि ठशांवरून 'एकूण इतकी लाख नाणी पाडली' असा हिशेब तर अजिबात करू नका. एका ठशातून किती नाणी निघाली याला ठाम आकडा नाही.

काळ ठरवताना

बिरितिसची नाणी इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याच्या आगेमागे ठेवली जातात. यामागे शैली आहे, तसंच त्रोआसमध्ये कांस्य नाणी पाडण्याची सर्वसाधारण चाल आहे. हा काळ म्हणजे दोन टोकांमधली जागा, तारीख नव्हे, हे तक्त्यात तसंच लिहा. या मुलखात एक मोठी घटना मात्र पक्की आहे. इ.स.पू. 310 च्या सुमारास अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याने आसपासची गावं एकत्र करून अँटिगोनिया वसवलं आणि पुढे लिसिमाखोस या दुसऱ्या सेनापतीने त्याला अलेक्झांड्रिया त्रोआस नाव दिलं. केब्रेन, नेआंद्रिया, कोलोनाइ, हामाक्सितोस यांचे लोक त्यात सामावले गेले. स्केप्सिसच्या लोकांना नंतर परत जाऊ दिलं. त्रोआसमधल्या छोट्या टाकसाळी एकामागून एक का गप्प झाल्या, याचं मोठं कारण हे. बिरितिसच्या बाबतीतही या वळणाचा विचार करावा लागतो, पण ते त्या यादीत नाही, तेव्हा ते तिथेच सामावलं असं लिहू नका.

जागा शोधणं

छोट्या गावाचं कांस्य नाणं गावाबाहेर फारसं जात नाही. चार कोसांवरच्या बाजारात ते कुणी घेतलं तर घेतलं. चांदी मात्र व्यापाऱ्यांबरोबर, भाडोत्री सैनिकांबरोबर समुद्रपार जाते. म्हणून हरवलेलं गाव शोधायचं तर चांदीपेक्षा कांस्याच्या सापडण्याच्या जागा मोलाच्या.

हे तत्त्व किती चालतं याचं ठळक उदाहरण सिसिलीत आहे. आइदोने गावाजवळच्या सेरा ओर्लांदो टेकडीवर 1955 पासून प्रिन्स्टन विद्यापीठाचं उत्खनन चाललं होतं, पण हे प्राचीन शहर कोणतं ते ठरत नव्हतं. तिथे 'हिस्पानोरुम' म्हणजे 'स्पॅनिश लोकांचं' असा लॅटिन लेख असलेली कांस्य नाणी मोठ्या संख्येने निघत होती. केनन एरिम यांनी 1958 मध्ये ही नाणी रोमन इतिहासकार लिवीच्या मजकुराशी जोडली: इ.स.पू. 211 मध्ये रोमने मोर्गान्तिना शहर आपल्या बाजूने आलेल्या स्पॅनिश भाडोत्री सैनिकांना दिलं होतं. म्हणजे टेकडीवरचं शहर मोर्गान्तिना. बिरितिसला लिवी नाही. त्यामुळे तिथे सापडण्याच्या जागांवर सगळा भार येतो.

म्हणूनच 'सापडल्याची जागा' आणि 'ती कुणी सांगितली' हे दोन रकाने वेगळे. उत्खननात, थरासकट नोंदलेलं नाणं म्हणजे पक्का पुरावा. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशाने गावात विकत घेतलेलं नाणं म्हणजे मध्यम, कारण ते निदान त्या खोऱ्यातून फिरलेलं असतं. विक्रेत्याने सांगितलेलं 'आशिया मायनर' हे काहीच नाही. संग्रहालयाने ते इस्तंबूलमध्ये घेतलं असेल, तर त्यावरून फक्त बाजाराचा पत्ता कळतो. तिन्ही प्रकार नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी टाका. एकच रंग वापरला तर बाजारपेठाच दाट ठिपक्यांनी उठून दिसतात आणि अभ्यासक चुकून त्यांनाच गाव समजतो.

जमीन खणून शोधायचा विचार मनातही आणू नका. तुर्कस्तानात 1983 च्या 2863 क्रमांकाच्या कायद्याने जमिनीतल्या प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीच्या आहेत आणि त्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. पर्यटकाने शेतात सहज उचललेलं नाणंसुद्धा यात येतं. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते परवानगीशिवाय बाहेर पाठवता येत नाही. कायद्याइतकंच मोठं कारण दुसरं आहे. धातुशोधकाने उपसलेल्या नाण्याची जागा कायमची जाते आणि बिरितिससारख्या गावासाठी तीच जागा हवी असते.

खोटं आणि 'सुधारलेलं'

ओतीव नकलेवर भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेला साच्याची रेघ असते, बारकावे साबणासारखे गुळगुळीत वाटतात. पण दुर्मीळ गावांच्या बाबतीत जास्त धोका पूर्ण खोट्याचा नसून कोरून बदललेल्याचा. झिजलेल्या, स्वस्त नाण्यावर सुईने अक्षरं ठळक करून त्याचं दुर्मीळ गाव बनवलं जातं. तपासायचं ते हे: नाक आणि सोट्याच्या गाठी झिजलेल्या असताना अक्षरांच्या कडा धारदार आहेत का, अक्षराभोवतीची सपाट जागा बाकीच्यापेक्षा खोल गेली आहे का, तिथला हिरवा थर तुटलेला किंवा रंगवलेला आहे का. मग तुमच्या ठशांच्या यादीशी ताडा. अक्षरं अस्सल असतील तर ती कुठल्या ना कुठल्या ज्ञात ठशाच्या जागी बसतील किंवा निदान त्या कोरक्याच्या हाताशी जुळतील.

नोंद कशी लिहायची

एका नाण्याची पूर्ण नोंद अशी दिसते: त्रोआस, बिरितिस (स्थान अनिश्चित). कांस्य. वजन, व्यास, ठशांची दिशा. पुढे: काबिरोसचं मस्तक, पिलोस घातलेलं, कोणत्या बाजूला वळलेलं ते, वर दोन तारे. मागे: पानांच्या कड्यात सोटा, दोन्ही बाजूंना ओळीने चार अक्षरं, अनिश्चित अक्षराखाली टिंब. ठसे: पु3, मा7. सापडल्याची जागा, मग तिची पातळी: उत्खनन, जुना स्थानिक संग्रह, की बाजार. नकाशावर एकच खूण रोवायची वेळ आली, तर ती रोवू नका. इडाच्या उतारांभोवती तुटक रेघेचं वर्तुळ काढा आणि त्याच्या आत नुसतं 'बिरितिस?' लिहा.